देवाला विचारा, पण टोकन भरून झाल्यावर

मोठा निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. नोकरी सोडायची, कल्याणपलीकडे वन बीएचके घ्यायचा, मुलीचं लग्न जमवायचं, तर आधी देवाला विचारावं. फक्त वेळ चुकवू नका. बिल्डरला टोकन द्या, कर्ज मंजूर करून घ्या, फॅमिली ग्रुपवर सँपल फ्लॅटचे फोटो टाका आणि मग विचारा. कोऱ्या मनाने देवापुढे उभे राहिलात तर तो काहीही सांगून बसेल.

खोटं वाटत असेल तर रामजी शिवजींचं काय झालं ते बघा. अठराव्या शतकात वरळीच्या बाजूने आत शिरणारा समुद्र अडवायला हॉर्नबी वेलार्ड बांधत होते आणि बांध काही टिकेना. आख्यायिका अशी, की कामावरच्या या पाठारे प्रभू इंजिनिअरच्या स्वप्नात देवी आली आणि म्हणाली, समुद्रात मूर्ती आहेत, त्या बाहेर काढ. त्याने काढल्या, बांध उभा राहिला आणि महालक्ष्मीचं देऊळ झालं. भाविक माणूस इथे हात जोडतो. तुम्ही नीट बघा. देवीने ना हो म्हटलं, ना नाही. तिने काम वाढवून ठेवलं! आधीच बांध खचलेला, डोक्यावर कंपनीचे साहेब, त्यात आता समुद्राचा तळ धुंडाळा. असलं मार्गदर्शन आपल्याला परवडायचं नाही. आपल्याला फक्त सही हवी असते.

सहीची सोय त्याच देवळाच्या मागच्या भिंतीवर आहे. मनात इच्छा धरून भिंतीला नाणं चिकटवायचं. चिकटलं तर काम झालं. इथे थोडा अभ्यास लागतो. 2011 पासूनचा रुपया आधीच्यापेक्षा लहान आणि हलका आहे, तोच खिशात ठेवा. अंगठ्याने दाबून धरा, हात हळूच काढा. पडला, तर देवीचं लक्ष नव्हतं असं समजून दुसरा काढा. सुट्टे भरपूर न्या.

मंगळवारी प्रभादेवीला जाणार असाल तर सिद्धिविनायकाच्या चांदीच्या उंदरालाही सांगून ठेवा. त्याचा एक कान हाताने झाकून दुसऱ्यात बोलायचं, म्हणजे अर्ज आरपार जात नाही. मागच्या बाईंना तुमचा कार्पेट एरिया ऐकू जाईल, जाऊ द्या. माउंट मेरीलाही मेणाचं घर वाहून या, वांद्र्याच्या पायऱ्यांवर कोणी जात विचारत नाही. एका देवाने नकार दिलाच, तर बाकीचे हाताशी असलेले बरे.

एवढं होईपर्यंत महारेराच्या साइटवर मात्र फिरकू नका. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की काम कधी पूर्ण होणार ती तारीख समोर येते, आणि श्रद्धेला तारीख सोसत नाही.

तळकोकणातल्या मंडळींना हे सगळं करावं लागत नाही. त्यांचा कौल गावच्या देवळात लागतो. पूर्वी त्यासाठी रात्रीची गाडी पकडून जावं लागायचं. आता गुरवाचा पुतण्या मोबाइल धरून उभा राहतो. देवाच्या ओल्या पाषाणावर डावी-उजवीकडे कळ्या लावल्या जातात आणि गाऱ्हाणं सुरू होतं : “बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान मुंबयत जागो घेवचो बेत केलेलो आसा...” इकडे लालबागच्या खोलीत सगळं घर मान वाकडी करून स्क्रीनकडे बघत म्हणतं, “व्हय म्हाराजा!” उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नेमक्या त्या क्षणी रेंज जाते. परत फोन लागतो तेव्हा दोन्ही कळ्या खाली असतात, आणि पुतण्या चांगला शिकलेला असल्यामुळे त्याला आधी उजवीच पडलेली दिसते.

आणि डावीच दिसली तरी घाबरायचं कारण नाही. देव चुकत नाही, प्रश्न चुकतो. ‘घेऊ का?’ला नाही आलं तर ‘थांबू का?’ असं विचारा. पुन्हा नाही आलं की झालं, थांबायचं नाही. देवानेच सांगितलं.

लग्नाच्या कौलात आणखी काळजी घ्या. मुलगी पवईत नोकरी करते, स्वतःचा आयटी रिटर्न स्वतः भरते, तुमच्या मोबाइलचं रिचार्जही तीच मारते. तिने ऑफिसातला एक मुलगा निवडला आहे आणि तो तुम्हाला नको आहे. तुम्हाला नको, हे मात्र कधीही म्हणू नका. त्यावर ती ‘का?’ असं विचारू शकते. कौल लावा. गाऱ्हाण्यात मुलाचं गाव, आडनाव, सगळं सविस्तर सांगा, म्हणजे कळीला कुठे पडायचं ते समजेल. मुलीला तेव्हा कॉलवर घेऊ नका, तिला मीटिंग असते. रात्री ताट वाढताना आवाज खाली आणून सांगा, “माझी काही हरकत नव्हती गं, पण देवाने डावा दिला.” आईने याच वेळी डोळ्यांना पदर लावावा. पुढे तुम्ही शोधलेल्या स्थळाचं बिनसलं, तर तेही त्याच खात्यावर टाकता येतं : योग नव्हता.

एकच अडचण येऊ शकते. मुलगी शांतपणे म्हणेल, “बाबा, मीपण गेल्या आठवड्यात देवाला विचारलं. मला उजवा दिला.” अशा वेळी गडबडून जाऊ नका. भाजी पुढे सरकवा आणि तिला समजावून सांगा, की देव असा कोणाशीही बोलत नसतो.