लग्नात पैसे देऊन माणूस का ठेवायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण सत्तरी ओलांडली आणि सगळा जन्म आपल्या सोलापूरच्या साखर पेठेत गेला असं लिहिलंय, म्हणून काका म्हणते. तुमची प्रतिक्रिया कडक आहे आणि मनापासून लिहिलेली आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मध्यमवर्गीय घरानंसुद्धा लग्नाचं नियोजन करणारा जाणकार माणूस पैसे देऊन ठेवावा. सगळ्या लग्नासाठी जमत नसेल तर हळद आणि लग्न या दोन दिवसांपुरता तरी. त्यावर काका म्हणतात, लग्न हा घरचा संस्कार आहे, त्याचा इव्हेंट करू नका. भावकी आणि शेजारपाजार असताना परक्याला पैसे देणं म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास. हे लोक मंडपवाल्याकडून, आचाऱ्याकडून कमिशन खातात. पुण्या-मुंबईचं खूळ इथं आणून मी कर्जात बुडालेल्या बापाला आणखी खोल ढकलते आहे. आणि शेवटी विचारतात, "आमच्या सिद्धरामेश्वरांच्या लग्नाला लाखो माणूस येतं. तिथं कोण इव्हेंटवाला असतो?"

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तो मला फार आवडला.

सिद्धरामेश्वर म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे देवाचं दरवर्षीचं लग्न, मी लहानपणापासून बघत आले आहे. सात नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, संमती कट्ट्यावरचं संमती वाचन, 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' म्हणताच चहूबाजूंनी उडणाऱ्या अक्षता. पण काका, तो सोहळा आपोआप पार पडत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कुठला नंदीध्वज कुणी धरायचा, संमती कुणी वाचायची, कुठल्या घराण्याचा कुठला मान, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. नंदीध्वज पेलणारी मुलं यात्रेच्या कितीतरी आधीपासून रात्री सराव करतात. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा अडुसष्ट लिंगांचा मार्ग ठरलेला, थांबे ठरलेले. बंदोबस्त पोलिसांकडे, पाणी आणि दिवाबत्ती महापालिकेकडे. मान ज्याचा आहे तो मानकरी वाहतो आणि राबायचं काम ते ज्याला येतं तो करतो. देवाच्या लग्नात ही वाटणी इतकी चोख आहे म्हणून लाखो माणसांत गोंधळ होत नाही. आपल्या घरच्या लग्नात आपण नेमकी हीच वाटणी करत नाही. ज्याचा मान त्यालाच राबवतो.

माझ्या चुलतबहिणीचं लग्न होटगी रोडकडच्या एका कार्यालयात होतं, ऐन मे महिन्यात. कोठीची किल्ली आत्याच्या कमरेला. नवरीची सख्खी आत्या, म्हणजे मानाची बाई. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा आचाऱ्याचा माणूस तेल आणि दाण्याचं कूट मागायला आला. आत्या कोठीत गेली, मोजून दिलं, कुलूप लावलं आणि बाहेर आली तेव्हा हार घालून झाले होते. सख्ख्या भावाच्या मुलीच्या डोक्यावर तिच्या अक्षता पडल्याच नाहीत. ती कधी काही बोलली नाही. "कुणीतरी करायलाच पाहिजे की," एवढंच. पण तो 'कुणीतरी' कोण असतो हे आता आपण सगळ्यांनी मोकळेपणानं बोलायला हवं असं मला वाटतं. बहुतेक वेळा ती बाई असते. आणि पुरुषांमध्ये असेल तर भावकीतला जो सगळ्यात गरीब, तोच धावतो. यंत्रमागावर रोजावर काम करणारा चुलता चार-पाच दिवस खाडा करून मंडपाच्या मागे, टँकरच्या मागे पळतो. त्याचा रोज बुडतो तो कुणी मोजत नाही. मोठ्या पगाराचा भाऊ स्टेजजवळच्या सोफ्यावर असतो. भावकीची मदत फुकट असते असं म्हणताना तिची किंमत कोण भरतं ते बघा.

म्हणून मी म्हणते, पैसे देऊन घ्यायची ती राबण्याची मदत. केळवणाला कुणाला बोलवायचं, देवक कुणी बसवायचं, कुणाच्या दारात जाऊन पत्रिका ठेवायची, मानाच्या साड्या कुणाला, विहिणीच्या पंगतीत शेजारी कोण बसणार, यातलं काहीही बाहेरच्या माणसाकडे देऊ नये. चाटी गल्लीत बस्ता बांधायलासुद्धा घरच्याच बायकांनी जावं, त्या दुपारची मजा त्यांचीच आहे. इथपर्यंत तुमचं आणि माझं एकच मत आहे.

आता राबणं म्हणजे काय ते सांगते, कारण 'इव्हेंटवाला' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फुलांची कमान आणि ड्रोन येतो. माझ्या डोळ्यांसमोर पाणी येतं. आपल्या शहराला नळाचं पाणी रोज येत नाही. वैशाखात लग्न असेल, बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन असेल, तर कार्यालयाची बोअर चालू आहे का, टाकी किती लिटरची, टँकर कुणी मागवायचा आणि त्याचे पैसे भाड्यात धरलेत का, हे इसार देण्याआधी विचारावं लागतं. सहाशे माणसं धरा. उन्हाळ्यात माणशी दीड लिटर प्यायचं पाणी म्हटलं तरी नऊशे लिटर होतं, म्हणजे वीस लिटरचे पंचेचाळीस जार. हात धुणं, भांडी, संडास यांचं पाणी वेगळंच. वीज गेली तर जनरेटर कुणाचा, त्यात डिझेल कुणी भरायचं? हे प्रश्न नवरीच्या बापाला सुचत नाहीत, कारण तो आयुष्यात एकदा किंवा दोनदा लग्न करून देतो. ज्यानं शंभर लग्नं उभी केली त्याला ते सुचतात.

तसंच ताटांचं. आचाऱ्याशी बोलणी होताना किमान किती ताटांचे पैसे द्यायचेच हे ठरतं आणि वरची ताटं मोजून धरतात. ती कुणी मोजायची? आचाऱ्याचा माणूस एक आकडा सांगतो, घरचा कुणी जागेवर नसतो, आणि रात्री थकलेल्या बापाला तो आकडा मान्य करावा लागतो. समजा ताट अडीचशे रुपयांचं आहे आणि मोजणीत ऐंशीचा फरक पडला, तर वीस हजार गेले. कोरी ताटं सुरुवातीला मोजून लिहून घ्यायची आणि शेवटी उरलेली मोजायची, इतकं साधं काम आहे. पण त्यासाठी तिथं उभं राहणारा माणूस लागतो आणि तो नवरीचा मामा असू नये. मामानं नवरीला बोहल्यावर आणायचं असतं.

आणि वेळ. बारा पस्तीसचा मुहूर्त दीडला लागतो, कारण वरात चौकातच नाचत राहते. उन्हात आलेली म्हातारी माणसं तोवर पंख्याखाली कशीबशी तग धरतात. नवरदेवाच्या मित्रांना "चला आता" म्हणायची मुलीकडच्यांची छाती होत नाही, म्हटलं तर रुसवा. बाहेरचा माणूस म्हणू शकतो. रात्रीच्या वरातीचंही तसंच. दहानंतर सकाळी सहापर्यंत लाउडस्पीकरला मनाई आहे, हे डीजेवाल्याला ठामपणे सांगायला घरचा कुणी तयार नसतो.

आपल्या गावात आणखी एक गोष्ट आहे जी पुण्याच्या लेखांत सापडत नाही. इथं एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू बोलणारी घरं आहेत आणि आता त्यांची मुलं एकमेकांशी लग्न करतात. मराठी घरात मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर झाला की लग्न लागलं. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात ऐन मुहूर्ताला वधू-वर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात, तोच मुख्य क्षण. दोन्ही बाजूंचे पुरोहित, दोन्हीकडच्या आज्या आणि मुहूर्त एकच. कुठला विधी आधी, किती वेळ, वाजंत्री कधी थांबायची, हे आदल्या आठवड्यात दोन्ही घरांना समोरासमोर बसवून लिहून काढणारा माणूस मी पाहिला आहे. तो इथलाच होता, तिन्ही भाषा बोलणारा. त्याच्यामुळे दोन्ही आज्या समाधानानं जेवल्या. त्याला दिलेले पैसे मला उधळपट्टी वाटत नाहीत.

कमिशनबद्दल तुम्ही जे म्हणता ते खरं आहे आणि त्याबद्दल मी तुमच्याइतकीच चिडते. काही जण तुमच्याकडून फी घेतात आणि मंडपवाल्याकडून, फोटोवाल्याकडून, फुलवाल्याकडून वेगळं घेतात. ते अर्थातच तुमच्याच बिलात चढतं. यावर उपाय आहे. फी ठरावीक रकमेत बोलायची, खर्चाच्या टक्केवारीत कधीच नाही, कारण टक्केवारी घेणाऱ्याला तुमचा खर्च वाढलेलाच बरा. प्रत्येक कामवाल्याचं दरपत्रक तुमच्या नावावर घ्यायचं आणि पैसे त्याला थेट द्यायचे, शक्य तर चेकनं किंवा फोनवरून. एका कामाला दोन दरपत्रकं तरी मागायची. "बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटी लागेल, कशाला घेता?" असं कुणी म्हणालं तरी पावतीचा आग्रह सोडू नका. नंतर वाद झाला तर पावतीशिवाय आपली बाजू लंगडी पडते.

कागदाचं महत्त्व 2020 मध्ये सगळ्यांना कळलं. टाळेबंदी लागली, मग पन्नास माणसांची मर्यादा आली, 2021 च्या एप्रिलमध्ये ती पंचवीस माणसं आणि दोन तासांवर आली. लोकांचे इसार अडकले. ज्यांच्याकडे 'लग्न पुढे ढकललं तर रक्कम पुढच्या तारखेला वळती, रद्द झालं तर इतकी परत' असं लिहिलेलं होतं ते बोलू शकले. बाकीच्यांनी हेलपाटे घातले. अशा प्रसंगी जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावायची सक्तीही नाही. भावकीतल्या कुणी ओळखीनं ठरवून दिलेल्या मंडपवाल्याविरुद्ध मात्र आपण तक्रार करत नाही, नातं आड येतं. हासुद्धा ओळखीच्या कामाचा तोटाच आहे.

कर्जाचं आता. इथं तुमचा राग मला सगळ्यात जवळचा वाटतो. विडी वळून मुली वाढवणाऱ्या बाईनं लग्नासाठी व्याजानं पैसे काढावेत आणि ते पुढची कितीतरी वर्षं फेडावेत, हे आपण रोज बघतो. अशा घरानं नियोजनाला माणूस ठेवावा असं मी कधीच म्हणणार नाही. त्या घरानं यादी पे शादी करावी, बैठकीला जमलेल्या माणसांतच अक्षता टाकून मोकळं व्हावं. नाहीतर सामुदायिक विवाह सोहळ्यात नाव द्यावं. आपल्या जिल्ह्यात असे सोहळे वर्षानुवर्षं होत आलेत आणि त्यांत कमीपणा काही नाही. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस देऊन तीन साक्षीदारांसमोर केलेलं लग्नही तितकंच लग्न आहे. माझा लेख होता तो ज्यांनी चार-पाचशे माणसं बोलवायची ठरवलंच आहे त्यांच्यासाठी. त्यांना मी म्हणते, शंभर पाहुणे कमी करा, स्टेजवरची फुलं अर्धी करा आणि त्या पैशातून दोन दिवस एक जबाबदार माणूस ठेवा.

असा माणूस जबाबदार आहे का ते ओळखायची एक सोपी खूण सांगते. तो पहिल्या बैठकीत रंगसंगती विचारत नाही, वयाचे दाखले विचारतो. आपल्या जिल्ह्यात बालविवाह अजून होतात. 2006 च्या कायद्यानं मुलगी अठराच्या किंवा मुलगा एकवीसच्या आत असेल तर लग्न लावणारे आणि त्याला मदत करणारेही गुन्हेगार ठरतात, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दाखले बघितल्याशिवाय तारीख न घेणारा माणूस दिसला की मला त्याच्याबद्दल आदर वाटतो. तोच माणूस लग्नानंतर नव्वद दिवसांत नोंदणी करून घ्या, तीन साक्षीदारांची कागदपत्रं आधीच गोळा करा, हेही सांगतो.

तुम्ही लिहिलंय की नातीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांवर आहे आणि तुम्ही कुणालाही नेमणार नाही. हरकत नाही. मग घरातलाच एक माणूस नेमा, पण असा निवडा की ज्याला विधीत कुठलाही मान नाही आणि ज्याचा रोज बुडणार नाही. नवरीच्या भावाचा एखादा मित्र असला तरी चालेल. कोठीची किल्ली, कामवाल्यांचे फोन नंबर, दरपत्रकं आणि वरखर्चाची रोख रक्कम आदल्या रात्री त्याच्या हातात द्या. त्या दिवशी आचारी, मंडपवाला, टँकरवाला यांनी फक्त त्यालाच विचारायचं, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा. आणि त्याला पहिल्याच पंगतीत जेवायला बसवा, नंतर त्याला वेळ मिळणार नाही.