काका, ‘नोकरी सोडा आणि शिका’ असं मी म्हटलेलं नाही

नमस्कार काका,

तुम्ही निवृत्त आहात आणि माझ्या वडिलांच्या वयाचे असाल असं लिहिण्यावरून वाटलं, म्हणून काका म्हणते. फौंड्रीतली (लोखंड ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातली) अकाउंट्सची नोकरी मी का सोडली यावर लिहिलेल्या लेखाला तुम्ही मोठी प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्यांनाही कळावं म्हणून ती थोडक्यात सांगते. दुसरी नोकरी हातात आल्याशिवाय पहिली सोडायची नसते, तुमच्या पिढीने दिवसा नोकरी आणि रात्री कॉलेज केलं, असं तुम्ही म्हणता. कर्मवीरांच्या जिल्ह्यात राहून मी ‘कमवा आणि शिका’ऐवजी ‘नोकरी सोडा आणि शिका’ हे शिकवतेय. घरचं बरं असणार म्हणून मला हे परवडलं. आणि शेवटी, तुमचा पुतण्या कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनवर आहे, तो माझा लेख वाचून राजीनाम्याची भाषा करायलाय.

ही शेवटची ओळ वाचून मी अस्वस्थ झाले. म्हणून सविस्तर लिहितेय.

दुसरी हातात आल्याशिवाय पहिली सोडू नये हे मलाही पटतं. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की पहिली नोकरी दुसरी शोधायला वेळ देते. मुलाखतीला जायला अर्धा दिवस सुट्टी मिळते, परीक्षेपुरती रजा मिळते, घरी आल्यावर पुस्तक उघडण्याइतकं डोकं शिल्लक असतं. जिथं एवढं आहे तिथून कुणी उठू नये. माझ्याकडे यातलं काही नव्हतं आणि मी लिहिलं ते तसल्याच नोकरीबद्दल.

मी सीएमएचं, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या कोर्सचं, इंटरमिजिएट करत होते. ही परीक्षा वर्षातून दोनदाच होते, जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. इंटरचे दोन ग्रुप, प्रत्येकात चार पेपर. प्रत्येक पेपरला किमान ४० गुण आणि पूर्ण ग्रुपला मिळून ५० टक्के लागतात. एका पेपरात ३८ पडले की ग्रुप गेला. ज्या पेपरला ६० मिळाले असतील तेवढा पुढच्या वेळी सुटतो, बाकीचे परत. पेपर साधारण महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होतात. आता अकाउंट्सच्या टेबलावरचं कॅलेंडर बघा. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा), २० ला थ्री-बी म्हणजे जीएसटी भरायचं महिन्याचं रिटर्न. एका ग्रुपचे पेपर एक दिवसाआड असतात आणि चारही नेमके या तारखांच्या मधे येतात.

जूनची रजा मी मार्चमध्येच मागितली होती. अर्जाला वेळापत्रक पिनअप केलं होतं आणि खाली कामाची सोयही लिहून दिली होती. आमची उलाढाल पाच कोटींच्या वर, त्यामुळे सगळी बिलं ई-इन्व्हॉइसने (सरकारी पोर्टलवर नोंदवून) जायची आणि विक्रीचे आकडे जीएसटीआर-१ मध्ये आपोआप येऊन पडायचे. ते जुळवून बघायचं काम १० तारखेच्या आत करून देते, थ्री-बीचं चलन रात्री घरून तयार करते, असं लिहिलं होतं. अर्ज परत आला तेव्हा वर लाल पेनने ‘२० नंतर बघू’ असा शेरा होता. परीक्षा तर २० च्या आधीच संपणार होती. मी तोच कागद घेऊन केबिनमध्ये गेले आणि वेळापत्रकातल्या तारखांवर बोट ठेवून दाखवलं. मालक म्हणाले, ‘अगं, डिसेंबरलाबी असतीया की परीक्षा.’ पण डिसेंबरातही ११ आणि २० तारीख असतेच की.

मालकांना मी वाईट म्हणणार नाही. पगार वेळेवर द्यायचे, बोलायला माणूस बरा. पण अकाउंट्सला आम्ही दोघंच होतो आणि तिसरा माणूस घ्यायचा नाही हे आधीपासून ठरलेलं. साप्ताहिक सुट्टी विजेच्या स्टॅगरिंगप्रमाणे (विजेचा भार वाटला जावा म्हणून भागागणिक सुट्टीचा वार वेगळा), रविवारी नाही. त्यामुळे रविवारचे क्लास बुडायचे. मुलाखतीचा फोन आला की बाहेर वजनकाट्याजवळ जाऊन बोलायचं. समोरचा ‘उद्या अकरा वाजता या’ म्हणायचा आणि मला ‘रविवारी चालेल का’ असं विचारावं लागायचं. रविवारी तर मीही कामावरच असायचे. पण त्या दिवशी मालक नसायचे, तासभर सटकता आलं असतं. कुणी रविवारी मुलाखत ठेवली नाही.

फौंड्रीत आम्ही कास्टिंगचा किलोमागे खर्च काढायचो. स्क्रॅप, पिग आयर्न, टनामागे सहाशेच्या आसपास युनिट वीज, वाळू, बाइंडर, फेटलिंगची (ओतलेला माल घासून साफ करायची) मजुरी. रोज सकाळी मेल्टिंगवरून हीटचा (भट्टीतल्या एकेका वितळणीचा) कागद यायचा, त्यावर काळी बोटं उमटलेली असायची, आणि त्यातून आदल्या दिवशीचं रिजेक्शन मी काढायची. रिजेक्ट झालेल्या मालाचा खर्च चांगल्या मालावर बसतो हे तिथं मोल्डरपासून मालकापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. माझी हुकलेली परीक्षा मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हती. एक परीक्षा हुकली म्हणजे सहा महिने गेले, आणि पास झाल्यावर मिळणारा वाढीव पगारही तेवढाच पुढं गेला. दर महिन्याला हातात येणारा पगार सगळ्यांना दिसतो. ही दुसरी रक्कम पासबुकात येत नाही म्हणून ती नाहीच असं आपण धरून चालतो. मला ती दिसायला लागली तेव्हा माझा निर्णय झाला.

आता कर्मवीरांबद्दल. काका, इथं मी तुमच्याशी मनापासून भांडणार आहे.

भाऊराव पाटील आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजला जन्मले आणि कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले. पुढं १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. त्यांच्या वसतिगृहांतली मुलं शेतात राबली, बांधकामावर राबली, हे खरंच आहे. पण त्या राबण्याची वेळ शाळेची वेळ बघून ठरायची. काम देणाऱ्यालाच मूल शिकावं असं वाटत होतं. आपल्या शिवाजी विद्यापीठातल्या कमवा व शिका योजनेतही मुलं कामाचे तास भरतात आणि वर्गाच्या वेळी वर्गात असतात. परीक्षेच्या दिवशी त्यांना कुणी ‘२० नंतर बघू’ म्हणत नाही. आणि तुमचंच उदाहरण घ्या. तुम्ही लिहिलंय, ऑफिस साडेपाचला सुटायचं आणि साडेसहाला तुम्ही सायकल मारत वर्गात पोचायचात. तुमच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. दिवसभर काम करून रात्री वर्गात जागं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. पण तुमचं ऑफिस साडेपाचला सुटायचं, काका. माझं सुटायची वेळ त्या दिवशी गाड्या किती लागल्या यावर असायची. शेवटची गाडी भरून तिचं ई-वे बिल (माल वाहतुकीला लागणारा जीएसटीचा कागद) निघेपर्यंत अकाउंट्सला उठता यायचं नाही.

कष्ट करणारी माणसं आजही आहेत. त्यांना साडेपाच मिळत नाहीत.

‘घरचं बरं असणार’ हेही तुमचं बरोबर आहे आणि ते मी लपवणार नाही. आमच्या घरी दोन म्हशी आहेत, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी आईच्या नावावर जमा होतं. थोडा ऊस आहे. भाऊ कमावतो. घरभाडं नाही. माझा पगार थांबला तरी चूल थांबणार नव्हती. त्याशिवाय मैत्रिणींच्या भिशीत मी मुद्दाम शेवटची उचल घेतली होती आणि ती हातात आल्यावरच राजीनामा दिला. पण आधार होता म्हणून निर्णयाची किंमत कमी होते, असं मला वाटत नाही. शिकणाऱ्याला आधार लागतोच. १९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं, मग एकामागून एक समाजाची बोर्डिंगं झाली, ती याचसाठी. पोरगं हुशार आहे पण शहरात राहायचं कुठं आणि खायचं काय, ही अडचण महाराजांनी खरी मानली. आजच्या नोकरदार पोरापोरींच्या बाबतीत तीच अडचण वेळेची आहे, आणि तीही तितकीच खरी मानली पाहिजे.

ज्यांच्याकडे आधार नाही त्यांनी सोडू नये, हे मी मूळ लेखातही लिहिलं होतं. इथं आणखी स्पष्ट लिहिते. पतसंस्थेचं कर्ज असेल आणि त्याला शेजारच्या टेबलावरचा माणूस जामीन असेल, तर कर्ज फिटेपर्यंत राजीनामा लिहायचा नाही. हप्ता थकला की नोटीस त्यालाही जाते. आपल्या शिक्षणासाठी दुसऱ्याच्या पगाराला हात लागता कामा नये. कायम नोकरीत पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडे महिने राहिले असतील, तरी थांबा. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार असतो, बेसिक आणि डीएवर. अभ्यासाच्या काळात ती रक्कम मोठी असते.

आणि पीएफ काढून खाऊ नका. हे मी प्रत्येकीला सांगते, कारण माझ्याबरोबरच्या कितीतरी जणींनी नोकरी सोडल्यावर पहिलं काम तेच केलं. पाच वर्षांच्या आत काढलात तर त्यावर कर लागतो. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि पैसे नव्या खात्यात ट्रान्सफर केले तर जुनी वर्षं त्यात धरली जातात. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवा. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर आपली आपल्याला भरता येते. ईएसआयबद्दलही गैरसमज फार आहेत. राजीनाम्याच्या दिवशी कार्ड बंद पडत नाही. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये कापलेल्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. माझ्या आईच्या बीपीच्या गोळ्या मी घरी असताना काही महिने त्यावरच मिळाल्या.

राजीनामा लेखी द्या, मेलने द्या, नोटीस पिरियड पूर्ण करा आणि रिलिव्हिंग लेटर हातात घेऊनच गेटबाहेर पडा. आपल्या गावात धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात. पुढचा मालक मागच्याला फोन करणारच.

सोडल्यावर सगळं सुरळीत झालं असंही मी लिहिलेलं नाही. अभ्यासिकेत दिवसभर बसायला मिळालं, एक ग्रुप सुटला. दुसरा अजून राहिलाय. मुलाखतींत फायदाही झाला आणि तोटाही. छोट्या कंपन्यांना अकाउंट्सचा माणूस पुढच्या १ तारखेपासून हवा असतो, तिथं मी ‘उद्यापासून येते’ म्हणू शकत होते. पण ‘सध्या घरीच आहात ना?’ असं एकदा विचारलं गेलं की पगाराचा आकडा तिथंच खाली यायचा. आत्ता मी कॉस्टिंगचं काम करते आणि पगार जुन्या नोकरीपेक्षा थोडा कमीच आहे. परीक्षेची रजा मात्र नेमणूकपत्रात लिहून घेतली आहे. मुलाखतीत मी पगाराच्या आधी त्याबद्दल विचारलं होतं.

आता तुमच्या पुतण्याचं. त्याने आत्ता राजीनामा देऊ नये, असं माझं मत आहे आणि ते त्याला माझ्या नावाने सांगा.

कारण त्याची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही लिहिलंय की त्याला डिझाइनचा कोर्स करायचाय, आणि तीन पाळ्यांत काम आहे. डिझाइनच्या क्लासला सकाळ-संध्याकाळच्या बॅच असतात. त्याची अडचण नोकरीची नाही, फिरत्या पाळीची आहे. दर आठवड्याला पाळी बदलली की कुठलीच बॅच धरता येत नाही. तर त्याने आधी सुपरवायझरकडे कायम फर्स्ट शिफ्ट मागावी. नाही म्हणाले तर कायम थर्ड मागावी. ती कुणालाच नको असते, त्यामुळे बहुतेक मिळते. झोपेचे हाल होतील, पण कोर्स काही महिन्यांचाच असतो, आणि अंगात ताकद असताना तेवढं निभतं. तेही नाही जमलं तर बरोबरच्या ऑपरेटरशी अदलाबदलीचं बोलून दोघांनी मिळून एचआरकडे जावं. मागणी तोंडी नको, अर्ज करावा आणि पोच घ्यावी. तोंडी ‘बघू’ म्हटलेलं महिनाभराने कुणाला आठवत नाही.

दरम्यान त्याने ज्या कंपन्यांत डिझाइन विभाग आहे त्यांची चौकशी करावी, कोणतं सॉफ्टवेअर वापरतात ते विचारावं, आणि त्याचाच कोर्स घ्यावा. फी भरल्यानंतर हे कळून उपयोग नाही. चार वर्षं मशीनवर काढलेला पोरगा ड्रॉइंग वाचू शकतो, टॉलरन्स कुठं पाळता येतो आणि कुठं नाही हे त्याला हाताने माहीत असतं. नुसता कोर्स करून आलेल्यांपेक्षा ही त्याची जमेची बाजू आहे, आणि ती चालू नोकरीत असताना जास्त चांगली सांगता येते.

एवढं करूनही तिन्ही ठिकाणी नकार आला, तर मग पैशांचं बघायचं. त्याच्यावर कर्ज आहे का, जामीन कोण आहे, घरात दुसरा पगार आहे का, पाच वर्षं कधी पुरी होतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याला विचारून खाली कळवा. तो स्वतः लिहिणार असेल तर आणखी चांगलं, मी उत्तर देईन.