‘सर्च असताना फोल्डर कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यातल्या ‘फोनमधलं दप्तर’ या माझ्या लेखावर एका वाचकांनी बरीच लांब प्रतिक्रिया दिली आहे. नाव नाही, खाली सही फक्त ‘एक जुना वाचक’. तीन दिवस मी गप्प होते. तिथल्या चौकटीत एवढं उत्तर मावणार नाही, म्हणून ते इथे वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पावत्या, टिपणं, औषधाच्या चिठ्ठ्या, घराचे कागद फोनमध्ये आणि कॉम्प्युटरवर मी कसे लावून ठेवते ते त्या लेखात होतं. त्यावर वाचकांचं म्हणणं असं: “सर्च असताना फोल्डर लावत बसणं हा रिकामपणाचा उद्योग आहे.” शिवाय निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञांच्या चिठ्ठ्यांबद्दल मी चुकीचं लिहिलं. तीन अ‍ॅप बदलली, म्हणजे पद्धतीतच खोट आहे. माझ्याशिवाय घरात कुणाला यातलं काही सापडणार नाही. आणि त्यांच्या आईने 200 पानी एका वहीवर अख्खा संसार चालवला. शेवटी लिहिलंय, “राग नसावा.”

राग आलाय. तो लपवून गोड लिहिणं मला जमणार नाही.

पण जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. लुमान यांच्याकडे टिपणांच्या सुमारे 90,000 चिठ्ठ्या होत्या आणि त्या त्यांनी विषयवार कप्प्यांत लावल्या होत्या, असं मी लिहिलं होतं. ते सैल लिहिलं गेलं. लुमान प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक द्यायचे. नवी चिठ्ठी जिच्याशी जुळते तिच्या मागे ती ठेवायची आणि क्रमांकाला फाटा फोडायचा: 1 च्या मागे 1अ, तिच्या मागे 1अ1. एकदा दिलेली जागा बदलायची नाही. लेखातलं वाक्य दुरुस्त केलं आहे, आभार. मात्र एक सांगा, चिठ्ठी ठेवताना ती कुणाच्या शेजारी बसेल याचा विचार त्यांना करावा लागत होताच ना? त्याशिवाय वेगळी शब्दसूचीही ते ठेवत. टाका डब्यात, लागेल तेव्हा शोधू, असं त्यांनी केलं नाही. म्हणजे तुमची दुरुस्ती माझ्याच बाजूची आहे.

आता ‘रिकामपणाचा उद्योग’.

गेल्या दिवाळीत माझ्या नवऱ्याने याच ब्लॉगवर स्कूटरच्या देखभालीवर एक लेख लिहिला होता. नटबोल्ट कुठल्या मापाचे कुठल्या डबीत ठेवायचे यावर त्यात तीन परिच्छेद होते. त्याखाली ‘एक जुना वाचक’ याच सहीने प्रतिक्रिया आहे: “शिस्त असावी तर अशी.” मी आत्ताच पुन्हा जाऊन पाहिली, अजून तिथेच आहे. पुरुषाने डब्या लावल्या की शिस्त आणि बाईने कागद लावले की रिकामपणा, असं तुम्ही मुद्दाम लिहिलं असेल असं मी म्हणत नाही. पण लिहिलंत, आणि मला ते लागलं.

माझ्या रिकामपणाचा हिशेब देते. 1998 ते 2012, चौदा वर्षं नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईसाठी लावून देण्याचं, टेबल होतं. दुकान म्हणण्यासारखी जागा नव्हती; एका झेरॉक्सवाल्यांच्या आत, जिन्याखाली. सकाळी दहाला शटर वर, रात्री साडेआठला खाली. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना कूलरमध्ये पाणी भरायलाही मीच. लग्नपत्रिका, बायोडाटा, प्रतिज्ञापत्रं, पोरांची प्रोजेक्टं. आणि दर दोन दिवसांनी कुणीतरी यायचं: “ताई, मागच्या साली थोरलीची पत्रिका केली होती ना, तेच मॅटर काढून द्या, फक्त नावं बदला.” सापडलं तर दहा मिनिटांचं काम. नाही सापडलं तर पुन्हा सगळं टाइप करा, तेही फुकट, कारण एकदा केलेल्या मॅटरचे पैसे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा देत नाही.

तेव्हाची सगळी मराठी कृतिदेव नाहीतर श्रीलिपीत. नवीन पिढीला हे माहीत नसेल म्हणून सांगते. हे फॉन्ट युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, नव्हते. पडद्यावर मराठी दिसायची, पण फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षरं असायची. कृतिदेवमध्ये ‘नागपूर’ लिहिलं की आत साठायचं यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. तीच फाईल फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की तेच कचऱ्यासारखं दिसायचं. त्या फाईल माझ्याकडे आजही आहेत. त्यांत आज देवनागरीत ‘नागपूर’ शोधा, एकही फाईल येणार नाही. तेव्हा मी वर्ष, महिना आणि त्याखाली भागाचं नाव असे फोल्डर केले होते: ‘बडकस चौक’, ‘इतवारी’, ‘गांधीबाग’. गिऱ्हाइकाचं नाव मी विसरायचे, पण ते कुठून आले होते ते मला नेमकं आठवायचं. त्या फोल्डरांवर माझं पोट चाललं. त्याला कुणी रिकामपणा म्हटलं की मला जिन्याखालचं ते टेबल आठवतं.

तुम्ही म्हणाल, ताई, ते जुनं झालं, आता सगळं युनिकोड आहे. बरं, मग आता आपल्या फोनवरच्या मराठी टिपणांत ‘विमा’ हा शब्द शोधून बघा. ज्या टिपणात ‘विम्याचा हप्ता भरला’ असं लिहिलंय ते येणार नाही. नोट्सच्या अ‍ॅपमधलं साधं सर्च अक्षराला अक्षर जुळवतं, आणि ‘विम्याचा’ या शब्दात ‘विमा’ अक्षरशः नाही. मराठीत शब्दाला प्रत्यय लागला की आधी त्याचं सामान्यरूप होतं: डोळा, डोळ्याचा; पाणी, पाण्याचं; रस्ता, रस्त्यावर. इंग्रजीत शब्द बहुधा तसाच राहतो, म्हणून तिकडे ‘सर्च पुरेसं आहे’ हे चालून जातं. आपल्याकडे नुसतं ‘विम’ एवढंच टाइप करायचं हे माहीत असावं लागतं. मी तर तेच करते, पण ही युक्ती मला कळायला दोन वर्षं लागली. त्यातून आपण एका गोष्टीला एकच शब्द वापरतो का? आज ‘दवाखाना’, उद्या ‘हॉस्पिटल’, आईंना विचारलं तर ‘मेडिकल’. ‘पावती’ की ‘बिल’ की ‘रिसीट’? सहा महिन्यांपूर्वी मी कोणता शब्द लिहिला होता हे आठवत असेल तरच सर्च. ते आठवत नाही म्हणून तर शोधते आहे.

आणि हे झालं लिहिलेल्या मजकुराचं. आपला निम्मा पसारा फोटोंचा असतो.

2017 च्या मे महिन्यात रात्री अडीचला सासऱ्यांना छातीत कळ आली. मी त्यांना बाबाच म्हणते. आम्ही त्यांना शहरातल्या एका रुग्णालयात नेलं. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, “रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कोणती? किती मिलिग्रॅमची?” मला गोळी दिसत होती, गुलाबी, छोटी. नाव जिभेवर येईना. चिठ्ठीचा फोटो मीच काढला होता, तीन आठवड्यांपूर्वी. फोनमध्ये 11,000 फोटो. बोट वर सरकवतेय आणि सुप्रभातचे गुलाब, गॅसच्या नंबराचा स्क्रीनशॉट, भाचीच्या वाढदिवसाचा केक, कुणाच्या तरी आमरसाचं ताट. सर्चमध्ये ‘औषध’ टाकलं, ‘गोळी’ टाकलं. घाईत काढलेला तिरपा फोटो, डॉक्टरांचं अक्षर, फाईलचं नाव म्हणजे नुसते आकडे. त्याला सर्च काय वाचणार? बाबा खाटेवर घामाघूम. डॉक्टर दोनदा येऊन विचारून गेले. शेवटी नवरा स्कूटरवर मानेवाड्याला घरी गेला आणि कपाटातली प्लॅस्टिकची पिशवी उचलून घेऊन आला. पन्नास मिनिटं गेली. बाबा त्यातून बरे झाले, आज 84 वर्षांचे आहेत, पण ती पन्नास मिनिटं मला कुणी परत दिली नाहीत.

माझी पद्धत त्या रात्रीतून निघाली. परदेशी व्हिडिओ बघून हौस म्हणून मी हे सुरू केलं, असं तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य आहे. ते मागे घ्याल तर बरं.

नेमकं काय करते ते पुन्हा सांगते, कारण लेख तुम्ही अर्धाच वाचला असावा. ग्रंथालयशास्त्रातले आपले मोठे नाव, डॉ. एस. आर. रंगनाथन. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करताना 1933 साली त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केलं. एक पुस्तक एकाच विषयाच्या कप्प्यात कोंबण्याऐवजी त्याच्या वेगवेगळ्या बाजू ओळखा, काय, कशाचं, कुठलं, कधीचं, आणि त्या जोडून त्याचा क्रमांक करा, अशी त्यामागची दृष्टी. घरातल्या कागदांनाही तेच लागतं. आरोग्यविम्याच्या हप्त्याची पावती विम्यात ठेवायची, आजारपणात की प्राप्तिकरात? तिन्हीकडे ती लागते. म्हणून फोल्डर मी मोजके सहाच ठेवलेत आणि बाजू फाईलच्या नावात घालते: ‘2023-08-14 आई डोळे शस्त्रक्रिया बिल’. तारीख वर्षापासून सुरू करते, म्हणजे नावाने क्रम लावला की आपोआप काळाचा क्रम लागतो. दिवस आधी लिहिला तर सगळ्या वर्षांच्या 14 तारखा एका जागी गोळा होतात. नावात शब्द मूळ रूपातच, प्रत्यय लावायचा नाही. ‘डोळ्याचे’ नाही, ‘डोळे’. म्हणजे सर्चही चालतं. मी सर्चच्या विरोधात कधीच नव्हते; सर्चला काहीतरी हाती लागेल अशी सोय आधी करून ठेवते, एवढंच. रविवारी सकाळी चहानंतर चाळीस मिनिटं. त्याहून जास्त वेळ मी यावर घालवत नाही.

गेल्या पावसाळ्यात दिरांना घराच्या प्लॉटचं एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे रिलीज लेटर, तातडीने हवं होतं. फोन आला तेव्हा मी सीताबर्डीत भाजी घेत होते. पिशवी खांद्याला अडकवली आणि चार मिनिटांत त्यांना पाठवलं.

राहिलेल्या मुद्द्यांचं उत्तर लांबवत नाही. अ‍ॅप तीन बदलली, खरं आहे. एकाने फुकटात ठेवता येणाऱ्या नोटांवर मर्यादा आणली, दुसऱ्यातून मजकूर धड बाहेर काढता येईना. आता साध्या मजकुराच्या फाईल आहेत, त्या कुठेही उघडतात. भाडेकरूने घर बदललं म्हणून त्याच्या संसारात खोट असते का? बँकेचे पासवर्ड कुठे ठेवते हे लिहिलं नाही म्हणूनही तुम्ही टोचलंत. ते मी लिहिणार नाही, आणि कुणी लिहूही नये.

घरातल्यांना सापडणार नाही, हे मात्र तुम्ही आमचं घर न बघता लिहिलंत. बाबांच्या चालू औषधांचं एक पान छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. त्यावर तारीख असते. औषध बदललं की पान बदलतं, आणि हल्ली ते माझा मुलगा बदलतो.

राहता राहिली तुमच्या आईची वही. यावर तुमच्याशी माझं भांडणच नाही, आणि तुम्ही ते भांडण म्हणून का मांडलंत तेही मला कळलं नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं काम सुरू केलं ते आपल्या नागपुरातून. पुढे त्याचे 23 खंड झाले आणि त्यातला एक अख्खा खंड निव्वळ सूचीचा आहे. तेवढी विद्या गोळा केल्यावर ती वाचणाऱ्याला सापडावी म्हणून त्यांनी एक पूर्ण खंड खर्ची घातला. ज्या बाईने 200 पानांत दुधाचे हिशेब, लग्नांचे अहेर, मुलांच्या लसी आणि किराण्याची उधारी ठेवली, त्यांनी हे सगळं एका ओळीखाली एक लिहिलं असेल आणि लागेल तेव्हा पहिल्यापासून पानं उलटली असतील, असं मला वाटत नाही. माझ्या आईच्या वहीत उलट्या बाजूने अहेर होते आणि सुलट्या बाजूने हिशेब. मधली चार पानं दुमडलेली, ती डॉक्टरांची.

ती वही अजून घरात असेल तर पहिलं पान बघून कळवा. फोटो पाठवलात तर तुमच्या आईंचं नाव न घालता, तुम्हाला चालेल तसा, मी तो इथे लावीन.