अडीअडचणीची बॅटरी

आमच्याकडे एक बॅटरी आहे. अडीअडचणीला म्हणून घेतलेली, त्यामुळे अडचण येईपर्यंत तिला हात लावायचा नाही, असा माझा दंडक. मुलाने भिंतीवर सावलीचा ससा करायला मागितली, तर "सेल उतरतील" म्हणून मी ती कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकली. त्याला आता तीन वर्षं झाली.

काल रात्री वीज गेली. मी ऐटीत म्हणालो, "घाबरू नका, बॅटरी आहे!" खुर्चीवर चढून चाचपडत ती काढली, बटण दाबलं. ढिम्म. मग मला येते ती एकमेव दुरुस्ती केली, तळहातावर दोनदा आपटली. तरी ढिम्म. बायकोने मोबाइलचा उजेड थेट माझ्या तोंडावर मारला.

"अहो, बॅटरीत काय झालंय ते बघायला हा चालेल का?"

झाकण फिरेना. पक्कड लावून उघडलं, तर सेलच्या बुडाशी पांढरी बुरशी, पितळी पट्टीवर हिरवट थर, आणि स्प्रिंग तर हात लावायच्या आत मोडून पडली.

"ॲसिड गळलंय," मी जाणकाराच्या थाटात सांगितलं. साफ चूक. अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ॲसिडच्या अगदी उलट जातीचं, पण चावायला तितकंच वाईट. सेल नुसता पडून असला तरी आतलं जस्त हळूहळू झिजतं, हायड्रोजन सुटतो, दाब वाढतो आणि शेवटी सील सुटतं. बाहेर आलेला द्रव हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. तीच ती बुरशी. स्प्रिंगवरचा निकेलचा मुलामा एकदा गेला, की खालच्या पोलादाला गंज चढायला दमट हवा पुरते. त्यात मी काटकसर म्हणून एक सेल नवा आणि एक अर्धामुर्धा वापरलेला घातला होता. अशा जोडीत दुबळा सेल आधी संपतो, नवा त्याला तसाच रेटत राहतो आणि दुबळा गळतो. (संसारातली उदाहरणं मी इथे देत नाही.)

हातमोजे चढवून, कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावलं. खार फसफसला, पट्टी थोडी चमकली. स्प्रिंग काही परत आली नाही. वीज मात्र आली.

तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी मागच्या वर्षी गुपचूप ससा केला होता. तेव्हा मस्त लागत होती."