आरव्हीत रात्रभर गॅस पेटवा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

काल रात्री फिनिक्सहून बहिणीचा फोन, "दादा, तांदूळ नेमके किती लागतील रे?" मला वाटलं पाहुणे येतायत. तर नाही, नाताळच्या सुट्टीत पोरांना घेऊन भाड्याच्या आरव्हीने (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) ग्रँड कॅन्यनला चाललेत आणि आमच्या मामाने फॅमिली ग्रुपवर "थंडीत आरव्ही कोरडी ठेवण्याच्या पाच युक्त्या" टाकल्यात. हेच मला मंडळाच्या ग्रुपवर आधी दोनदा आलं होतं, तेव्हा सोडून दिलं. आता भाचरं त्या गाडीत झोपणार म्हटल्यावर कसं सोडणार?

युक्ती नंबर दोन आधी घेतो, कारण ती वाचून डोकंच सटकलं. "झोपताना गॅसचा एक बर्नर मंद आचेवर ठेवावा, हवेतला ओलावा जळून जातो. अलार्म उगाच वाजत असल्यास सेल काढून ठेवावेत."

ओलावा जळतो म्हणे! अहो, गॅस जळला की पाणी तयार होतं, शाळेतलं समीकरण आहे, प्रोपेनच्या (आरव्हीत हाच गॅस असतो) एका रेणूमागे पाण्याचे चार. वजनात मांडलं तर 1 किलो प्रोपेन जळला की साधारण 1.6 लिटर पाणी. रात्रभर मंद आचेवर 300 ग्रॅम जरी संपला तरी अर्धा लिटर पाणी वाफ होऊन आतच फिरणार आणि सकाळी काचांवर, गादीखाली, कपाटाच्या मागच्या पत्र्यावर सापडणार. म्हणजे जे घालवायचंय तेच तयार करायचं.

पण ओल गेली खड्ड्यात. बंद गाडीत रात्रभर ज्योत म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. सिलिंडर गळला तर वास येतो कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो, याला ना वास ना रंग, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. जागा माणूस निदान डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणून बाहेर पडेल, झोपलेल्याला काहीच कळत नाही. अंगीठी पेटवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, ही बातमी उत्तर भारतातून दर हिवाळ्यात येते. अमेरिकेचं म्हणाल तर सीडीसीचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा, आकडा आहे, आगीशी संबंध नसलेल्या अपघाती कार्बन मोनॉक्साइड विषबाधेने वर्षाला 400 हून जास्त माणसं जातात, आणि गॅसची शेगडी ऊब घ्यायला वापरू नका असं तेच स्पष्ट सांगतात. आणि हा गृहस्थ नेमका हाच वायू ओळखणाऱ्या अलार्मचे सेल काढायला लावतोय!!

खाली कोणीतरी जोडलंय, "आर्मीवाले बुखारी लावतातच ना." बुखारी म्हणजे खोली तापवायची शेगडी, तिला धुराडं असतं हो. आरव्हीतला फर्नेस, म्हणजे हीटर, तोही तसाच, जळायला हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो, आत नुसती गरम हवा येते. ऊब हवी तर तो लावा, त्यासाठीच दिलाय.

युक्ती एक, "खिडक्या, व्हेंट, सगळ्या फटी टेपने बंद करा." चौघं झोपली की नुसत्या श्वासाने आणि घामाने रात्रीत लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं, ते जाणार कुठे? लोकांना वाटतं बाहेरची थंड हवा दमट असते. 0 अंशाला घनमीटरभर हवेत जास्तीत जास्त 5 ग्रॅम वाफ मावते, 20 अंशाला 17. म्हणजे बाहेरची हवा आत घेऊन तापवली की ती आपोआप कोरडी होते. साउथ रिम, म्हणजे ग्रँड कॅन्यनची दक्षिणेकडची कड, 2100 मीटरवर आहे, डिसेंबरात रात्री शून्याच्या खालीच, तरी छताचा व्हेंट बोटभर आणि एक खिडकी किंचित उघडी पाहिजे. फर्नेस थोडा जास्त चालेल, चालू दे.

तीन, ओल शोषायला वाटीत तांदूळ आणि मीठ ठेवा. बरं, मिठाबद्दल अर्धं खरं आहे, हवा खूपच दमट झाली की मीठ पाणी ओढतं, आणि दुकानात कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात ते कपड्यांच्या कपाटात ठेवायला बरे. पण वाटीभर तांदळाने लिटरभर पाणी? सोडा.

चार, "नळ टपकत ठेवा." घरात ठीक. इथे त्याने ग्रे टँक, म्हणजे सांडपाण्याची टाकी, भरतो, आणि त्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवला तर बाहेरच्या पाइपात बर्फ. आतली टाकी भरून घ्या, बाहेरची नळी रात्री काढा, पंपावर चालवा.

पाच, "पाणी गोठू नये म्हणून टाकीत गाडीचं कूलंट घाला." हे पिण्याच्या टाकीबद्दल लिहिलंय!! गाडीच्या कूलंटमध्ये बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे आणि वर चवीला गोड, पोरांना कळणारही नाही. आरव्हीचं गुलाबी अँटीफ्रीझ वेगळं, प्रोपिलीन ग्लायकॉलचं, तेही गाडी हिवाळाभर उभी करताना पाइपात घालतात, धुऊन काढल्याशिवाय ते पाणी प्यायचं नाही.

मामा, वाचतोयस ना? राग नको मानूस, पण तो मेसेज ग्रुपवरून काढ. आणि ताई, गाडी ताब्यात घेताना अलार्मचं बटण दाबून बघ, मागे तारीख असते तीही वाच, संपली असेल तर तिथेच बदलून माग. तांदूळ आणलेच आहेस तर खिचडी लाव, फक्त वरचा पंखा चालू ठेवून.