टॅक्स मिळेल हो, पण घरांचं काय?

सकाळपासून ग्रुपवर एकच चाललंय. क्रूझवरचा जुगार कायदेशीर करा, लायसन्स द्या, टॅक्स घ्या, टुरिझम वाढेल. खाली थम्स-अपची रांग, तीही चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांची. डोकंच फिरलं, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या भावोजींनी आयुष्यात कधी पैसे लावून पत्ते खेळले नव्हते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ताईला सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर घेऊन गेले. बंदरात जहाजावरचा कॅसिनो बंद असतो, कारण तिथे त्या देशाचा कायदा. बहुतेक देशांची हद्द १२ सागरी मैलांची, ती ओलांडली की जहाज ज्या देशात नोंदवलेलं, म्हणजे जहाजावर ज्याचा झेंडा, त्याचा कायदा, आणि झेंडा बघावा तर पनामाचा नाहीतर बहामाजचा. तिथे दाद मागायला कोण जाणार?

खिशातून नोटा मोजून द्याव्या लागल्या असत्या तर भावोजी थांबले असते, हे मी छातीठोकपणे सांगते. पण ज्या कार्डाने केबिनचं दार उघडतं त्याच कार्डावर चिप्स, म्हणजे जुगारात पैशांऐवजी लावायच्या चकत्या, मिळत होत्या. शेवटच्या दिवशी ताईच्या हातात बिल पडलं. रात्री १.४०, २.०५, २.२०, एकाखाली एक नोंदी, ती गाढ झोपलेली असतानाच्या. लेकीच्या शिक्षणाची एफडी मोडावी लागली.

हो, बंदी घालून जुगार थांबत नाही, मटका तरी कुठे थांबला. मान्य. पण म्हणून नियम म्हणजे नुसता टॅक्स का? गोव्याने मांडवीतल्या कॅसिनो बोटी चालू ठेवल्या आणि २०२० पासून गोवेकरांनाच आत जायला बंदी केली. म्हणजे घरं बुडतात हे सरकारला पक्कं माहितीये, फक्त बाहेरून आलेल्याचं बुडलं तर चालतं! संताप येतो अक्षरशः.

भावोजी वाईट नाहीत हो. अजून ताईशी बोलताना मान खाली असते त्यांची. म्हणूनच मला त्या सिंगापूरचंच कौतुक वाटतं, तिथे जमिनीवरच्या कॅसिनोत स्थानिक माणसाला नुसतं आत जायला दिवसाचे १५० सिंगापूर डॉलर मोजावे लागतात, आणि घरच्यांनी अर्ज केला तर त्याचा प्रवेश बंद करता येतो. घरच्यांनी अर्ज केला तर! ताईला जहाजावर असा हक्क असता तर ती बिल बघेपर्यंत थांबली असती का?

तेव्हा कायदा करायचाच असेल तर त्यात आधी हे लिहा, की केबिनचं कार्ड कॅसिनोत चालणार नाही, खेळायचं तर रोखीने, आणि किती हरायचं ती मर्यादा जहाजावर चढण्याआधीच ठरवायची, रात्री दोन वाजता वाढवून मिळणार नाही. सोबत आलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला ते थांबवायचा अधिकार हवाच. एवढं लेखी असेल तर द्या लायसन्स, मी आडवी येणार नाही. नसेल, तर ग्रुपवर माझा विरोध आहे आणि राहील.