टपावरच्या कुरडया

रेड ऑक्साइड, म्हणजे रंगाआधी मारायचा तांबडा प्रायमर, मारलेला पत्रा निदान पाच-सहा तास तरी कुणी शिवायचा नसतो, ही गोष्ट आमच्या शेजारच्या काकूंना मान्य नाही. त्यामुळं परवापासून माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या टपावर एका जुन्या सुती लुगड्याची वीण छापून आलीय, काठासकट, आणि त्या विणीवर ओळीनं पांढरट गोल डाग. ते कुरडयांचे.

थोडक्यात सांगतो. गाडी 1984 ची, मामाकडून आली, आली म्हणजे टेम्पोत चढवून आली, आणि आता जुळे सोलापुरातल्या आमच्या अंगणात विटांवर उभीय. टपाचा गंज मी स्वतः खरवडला, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरली, घासायचा पेपर मारला. सोलापुरात एप्रिलमध्ये दहानंतर ब्रश हातात धरायची सोय नाही, म्हणून पहाटे उठून प्रायमर मारला आणि आत जाऊन आडवा झालो. उठून बाहेर येतो तर टपावर लुगडं, लुगड्यावर कुरडया, आणि काकू आमच्याच स्टुलावर उभ्या राहून सोऱ्या पिळतायत.

"काकू, ओला रंग आहे तो!"

"तरीच म्हणलं लुगडं आज सरकत कसं नाही," काकू म्हणल्या. "छान चिकटून बसलंय बघ."

"पण गाडीवर कशाला? तुमची गच्ची आहे की."

"गच्चीवर पारवे घाण करतात. आणि माझे गुडघे बघ. इथं कसं, वरनं ऊन, खालनं पत्रा, दोन दिवसाचं वाळवण एका दिवसात. मागल्या आठवड्यात डिकीवर शाबूच्या पापड्या घातल्या, संध्याकाळपर्यंत कडकडीत."

म्हणजे हे आधीपासून चालू होतं! डिकीच्या ताज्या लांबीवर जे चिमटीएवढे खड्डे पडलेत त्याचा उलगडा मला तिथं उभ्या उभ्या झाला.

"काकू, ही गाडी आहे."

"चालते का?"

"अजून नाही."

"मग? चालेल तवा गाडी म्हणू. तोवर कट्टा."

यावर काय बोलणार. मी लुगड्याचं एक टोक धरून उचललं तर टर्रकन आवाज झाला, प्रायमर निम्मा लुगड्याबरोबर आला आणि कुरडया खालून तांबूस झालेल्या. काकूंनी त्यातली एक उचलून नाकाला लावली.

"वास येतोय बे याला." (काकू अख्ख्या गल्लीला बे म्हणतात, गॅस सिलेंडरवाल्यालासुद्धा.)

"टर्पेंटाइनचा वास आहे तो."

"माझ्या कुरडयात टर्पेंटाइन कशाला घातलंस तू?"

मी घातलं! मी! आता मी आवाज चढवला, खरंच चढवला, कारण गंज खरवडून माझी नखं अजून काळी आहेत आणि बोटाच्या पेरांची सालं निघालीत. म्हणलं, तीन दिवस घासतोय मी हा टप. तर काकू स्टुलावरून खाली न उतरता शांतपणे म्हणल्या, "मी पण तीन दिवस गहू भिजवलाय. रोज पाणी बदललंय. वाटला, गाळला, चीक बसू दिला, पहाटे हिंग-मीठ घालून घोटला. घोटताना हात थांबला की गुठळी होते. तुझं थांबलं तर काय होतं?"

आवाज ऐकून आई बाहेर आली. मला वाटलं, चला, आपलं माणूस आलं. आईनं टपाकडं बघितलंसुद्धा नाही. लाल झालेल्या कुरडया बघून तिच्या डोळ्यात पाणी यायचं बाकी राहिलं. "अगंबाई, रोज पाणी बदललं होतं त्यांनी," म्हणून उलट माझ्याकडंच बघितलं. आता ज्या गावात नळ कधी चौथ्या दिवशी येतो तर कधी पाचव्या, तिथं रोज गव्हाचं पाणी बदलणं हा केवढा त्याग आहे ते मलाही कळतं, पण मग पाण्याचा पेपर मारताना मी बादलीभर पाणी वापरलं की तीच आई "भांडी काय थुंकीनं घासू का" म्हणते, त्याचं काय?

राग खरं तर काकूंचा नाही. राग या गाडीला गावात कुणी गाडी म्हणत नाही याचा. आणि कुठल्या गावात? पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 ला ज्यांनी काढली ते वालचंद हिराचंद 1882 साली याच सोलापुरात जन्मले, इथं त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, म्हणजे कारखाना कुर्ल्याला असला तरी पद्मिनीचं माहेर हेच. आणि माहेरात तिच्या दरवाज्याचं एक रबर मिळत नाही. दुकानात विचारलं की काउंटरवरचं पोरगं आधी "कोण पद्मिनी?" म्हणतं आणि मग मागं वळून हसतं. मुंबईला शोधावं तर तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बाद झाली, तेव्हापासून ज्याच्याकडं म्हणून काही माल उरलाय तो त्याला "अँटिक" म्हणतो आणि स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्याच्या साध्या बुशचा असा भाव सांगतो की फोन आपोआप ठेवला जातो.

अँटिक म्हणावं तर सरकारदरबारी तेही नाही. 2021 च्या नियमानुसार गाडी विंटेज व्हायला पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं लागतात, म्हणजे माझी 2034 ला विंटेज होणार. तोपर्यंत ती नुसती म्हातारी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवा, पर्यावरण कर भरा, आणि दाखवायला न्यायची कशी, तर टेम्पोत घालून. बरं, विंटेज झालीच तर रोज फिरवायला परवानगी नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यायची. म्हणजे आज चालत नाही म्हणून कट्टा आणि उद्या चालवायची नाही म्हणून कट्टा. काकू कायद्याच्या पुढं आहेत.

आणि चालू झाली तरी सोलापूरच्या उन्हात ती काय दिवे लावणार हे मला मामाच्या काळापासून माहितीय. 1089 सीसीचं इंजिन तापलं की पेट्रोल पाइपातच वाफ धरतं, गाडी भर चौकात आचके देऊन बंद. मग बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, रसवंतीत जाऊन बसायचं. हे मी काकूंना बोलून गेलो. त्या म्हणल्या, "मग आताच टाकलं लुगडं तर एवढा कशाला ओरडूलालास?"

शेवटी तोडगा आईनं काढला, मला न विचारता. कुरडयांची भरपाई म्हणून आमच्या डब्यातला पाच किलो गहू काकूंकडं गेला. टपाची भरपाई हा विषय कुणी काढलाच नाही. मला आता सगळा प्रायमर उतरवून परत पाण्याचा पेपर मारायचाय, त्याला पाणी पाहिजे, नळ उद्या येणार, आणि अंगणातला निळा ड्रम काकूंनी आजच मागून नेलाय. नवा गहू भिजवायचाय म्हणे.